एका सिस्टरकडे किती पेशंट?

नमस्कार, श्रोतेहो. तीस वर्षं मी वॉर्डात नोकरी केली. त्यातली एक रात्र आज सांगणार आहे.

सर्जिकल वॉर्ड, नाइट ड्युटी. ड्युटी लिस्टवर आम्ही दोघी होतो. नऊ वाजता निरोप आला, शेजारच्या वॉर्डातली सिस्टर आजारी आहे, एकीला तिकडे पाठवा. माझी जोडीदारीण गेली. मागे राहिले 32 पेशंट आणि मी.

दहाची औषधं संपायला पावणेबारा झाले. मध्येच एकाचा सलाईनचा हात सुजला, ती काढून दुसऱ्या हाताला लावली. एक आजोबा भ्रमात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ओढत होते, त्यांना सोडून हलता येईना.

दोनच्या सुमारास मागून चाकं घासल्याचा आवाज आला. वळून बघते तर 20 नंबरच्या बाई. स्वतःचे टाके एका हातानं दाबून, दुसऱ्या हातानं सलाईनचा स्टँड ढकलत आलेल्या. म्हणाल्या, "सिस्टर, शेजारच्या ताई गार पडल्यात."

19 नंबरच्या ताईंचं त्याच सकाळी पोटाचं ऑपरेशन झालं होतं. चादर उचलली. ड्रेसिंग भिजून रक्त गादीत मुरलं होतं. नाडी 130, बीपी लागेना. डॉक्टर आले, रक्त चढवलं, पहाटे पुन्हा थिएटर. ताई वाचल्या.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "बेल हाताशी होती, वाजवली का नाही?" त्या म्हणाल्या, "बारापासून ओलं लागत होतं. पण तुम्ही नुसत्या धावत होतात. म्हटलं, यांना आणखी कुठं त्रास द्यायचा."

बारा वाजलेले त्यांना कळले, कारण समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. माझं तर ठाम म्हणणं आहे, प्रत्येक खाटेवरून दिसेल असं घड्याळ वॉर्डात हवंच. टीव्ही नसला तरी चालेल. आजाऱ्याची रात्र फार लांब असते, ती किती सरली ते त्याला कळू द्या.

तर, त्या ताईंचा बीपी दर तासाला बघायचा होता. चार्टावर बाराचा आणि एकचा रकाना कोरा आहे. तो मी भरायचा होता. ते दोन कोरे रकाने अजून माझ्या डोळ्यांपुढे येतात.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात 168 रुग्णालयांचा अभ्यास झाला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेले पेशंट त्यात पाहिले होते. एका सिस्टरकडे एक पेशंट वाढला, की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. एकच पेशंट वाढला की 7 टक्के! त्या रात्री माझ्याकडे 32 होते. कॅलिफोर्नियात 1999 साली कायदा झाला, 2004 पासून लागू झाला. तिथे आयसीयूत एका सिस्टरकडे जास्तीत जास्त 2 पेशंट, साध्या सर्जिकल वॉर्डात 5. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र 2018 साली हाच प्रश्न मतदानाला गेला आणि लोकांनी नाही म्हटलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. लोकांपर्यंत आमची रात्र पोचलीच नव्हती.

परिचारिका फाटकाशी फलक घेऊन उभ्या दिसल्या, की पगारासाठी असतील असं वाटतं. पगारही आम्ही मागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण फलक नीट वाचा. त्यावर बहुतेक वेळा हाच आकडा असतो: एका सिस्टरकडे किती पेशंट. खाली सही मागितली तर द्या.

घरचं माणूस दाखल असेल, तर ऑफिसात जाऊन विचारा, आज रात्रपाळीला या वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट? वॉर्डातल्या सिस्टरला विचारू नका, तिला उत्तर देणं अवघड जातं. ऑफिसात विचारा, आणि आकडा लिहून घ्या.

आणि खाटेवर तुम्ही स्वतः असाल, ओलं लागलं, गार वाटलं, जीव घाबरा झाला, तर बेल वाजवा. आम्ही धावत असलो तरी वाजवा.