हाक आली की ओ द्यायची

बसा बसा, मागे पण खुर्च्या आहेत. आज बोलायचंय ते नवरा-बायकोचं नातं टिकतं कसं ह्यावर.

मी मूळची पुण्याची, 36 वर्षांपूर्वी सून म्हणून इंदूरला आले. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी पोहे दिले, वर शेव, त्यावर जिरावन, म्हणजे तिथला चटपटीत मसाला, आणि शेजारी जलेबी, मी म्हटलं ओलं खोबरं कुठंय? तेव्हा सुरू झालेलं भांडण अजून चालूच आहे. हे म्हणतात जिरावनशिवाय पोहे कसले, मी म्हणते चांगल्या पोह्यांची वाट लावता. बरीच वर्षं वाटायचं आमच्यातच काही गडबड आहे. मग जॉन गॉटमन वाचला, अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, जोडप्यांना लॅबमध्ये बसवून त्यांची भांडणं रेकॉर्ड करायचा, तो सांगतो की भांडणाचे सुमारे 69 टक्के विषय कधी सुटतच नाहीत, सुखी जोडप्यांचे पण नाहीत. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

सुरुवातीला रात्री घरचे झोपले की आम्ही स्कूटरवर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सराफ बाजारात. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथेच खाण्याचे ठेले लागतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, एका द्रोणात दोघं. आता हे साडेनऊला घोरतात आणि मला गराडूने ॲसिडिटी होते.

रॉबर्ट स्टर्नबर्ग, हाही अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, त्याने 1986 मध्ये प्रेमाचा त्रिकोण मांडला: आवेग, जवळीक आणि बांधिलकी. आवेग लवकर चढतो नि उतरतोही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण जवळीकही गेली आणि नुसती बांधिलकी उरली तर त्याला तो रिकामं प्रेम म्हणतो. आपल्याकडे असं रिकामं प्रेम पन्नास वर्षं ओढून शाल-श्रीफळ घेणारे मी खूप पाहिलेत. (हसू नका, तुम्ही पण पाहिलेत.) आणि हो, मारहाण, रोजचा अपमान सोसत राहणं ह्याला मी टिकणं म्हणतच नाहीये, तिथून सरळ उठून यावं.

मग टिकायचं म्हणजे करायचं काय? आपल्याकडे एक छान शब्द आहे, ओ देणं. गॉटमनने 130 नवविवाहित जोडप्यांना घरासारख्या लॅबमध्ये ठेवून हेच पाहिलं. एकजण म्हणतो, अगं तो पक्षी बघ, दुसरा बघतो की नाही, बस एवढंच. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती ती शंभरातल्या 86 हाकांना ओ देत होती आणि ज्यांचा घटस्फोट झाला ती फक्त 33.

मी त्या 33 वाल्यांतली होते. हे रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, नगरपालिकेची बातमी, कुठे पाणी येणार नाही, काहीही, आणि मी कॉलेजचे पेपर तपासत नुसतं हूं हूं करायची, मान वर न करता. वर्ष-दोन वर्षं असंच गेलं असेल. भांडण नाही, तंटा नाही, मला तर वाटायचं किती शांत संसार आहे आपला. एक दिवस दारात आवाज आला म्हणून गेले तर हे दूधवाल्याला बातमी वाचून दाखवून राहिलेत आणि तो भला माणूस कॅन हातात धरून म्हणतोय, अच्छा भिया, फिर? मला तेव्हा आठवेना की ह्यांनी मला शेवटचं कधी वाचून दाखवलं होतं. रडू आलं नाही, लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच चष्मा पुसून समोर बसले, म्हटलं वाचा. हे म्हणाले, काय विशेष नाहीये आज. असे चारपाच दिवस गेले. मग एकदा सोन्याचा भाव वाचला.

आज निघताना ह्यांनी गच्चीवरून हाक मारली, अगं वर ये. खाली ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, माझ्या गुडघ्याची तर बोंबच, तरी गेले. मागच्या उन्हाळ्यात वाळलेल्या कढीपत्त्याला दोन पानं फुटली होती. दोघांनी बघितली, म्हणून इथे यायला दहा मिनिटं उशीर झाला.