आजारासह दौरा: कंपनीने काय विचारावे आणि काय विचारू नये

नमस्कार. कामानिमित्त बाहेरगावी जाणाऱ्यांमध्ये मधुमेह, दमा, फिट्स किंवा हृदयविकार असलेले अनेक जण असतात आणि त्यांतले कितीतरी जण ही गोष्ट कार्यालयात कोणाला कळू देत नाहीत. कळले तर पुढच्या दौऱ्यातून नाव गळेल आणि त्यापाठोपाठ बढतीही हुकेल, अशी धास्ती त्यांना वाटत असते. म्हणून आज मी मुख्यतः दौरे ठरवणाऱ्या व्यवस्थापकांशी आणि मनुष्यबळ विभागाशी बोलणार आहे. या प्रवासातला बराचसा धोका दौऱ्याच्या आखणीत असतो आणि ती बदलणे तुमच्या हातात आहे.

इन्सुलिन घेणाऱ्या सहकाऱ्याचा पुणे-दिल्ली दौरा घ्या. पहाटेचे विमान स्वस्त पडते म्हणून त्याचे तिकीट निघते. मग रात्री तीनला टॅक्सी, उतरल्यावर थेट बैठक आणि ती लांबली म्हणून दुपारी तीनला जेवण. इन्सुलिनचा डोस आणि जेवण यांचा मेळ तुटला की रक्तातील साखर घसरते. ती 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यावर हात थरथरू शकतात, दरदरून घाम येतो, बोलण्यात गोंधळ होतो आणि समोर बसलेल्यांना वाटते की हा प्रवासाने थकला आहे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवावी. एवढी माहिती सोबतच्या एका तरी सहकाऱ्याला असावी. मात्र तो सहकारी कोण, हे आजारी व्यक्तीनेच ठरवावे.

परदेश दौऱ्यात घड्याळ बदलते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना दिवस लांबतो, टोकियोला जाताना आखूड होतो आणि त्यानुसार डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागतात. ‘परवा निघायचे आहे’ असा निरोप मिळालेल्या माणसाला डॉक्टरांची वेळ मिळणार कशी? इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवे, कारण सामानकक्षात दिलेली बॅग हरवू शकते आणि तिथल्या थंडीत इन्सुलिन गोठण्याचीही भीती असते. एकदा गोठलेले इन्सुलिन वरून ठीक दिसले तरी वापरू नये. न उघडलेल्या कुप्यांना 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे हॉटेल आरक्षित करतानाच खोलीत फ्रिज आहे का, हे विचारावे.

सिकलसेल हा रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक कुटुंबांत आढळतो. विमानाच्या आतली हवा साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते आणि प्राणवायू कमी मिळाल्यास या रुग्णांचे दुखणे उसळू शकते. लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा प्रश्न तर सर्वांचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधील अहवालानुसार चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो, जरी मुळात तो कमी असला तरी. उठून चालता यावे म्हणून कडेची जागा मागणाऱ्याला त्या जादा पैशांसाठी तीन सह्या गोळा करायला लावू नयेत, असे मला कळकळीने वाटते.

कायद्याची बाजूही आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार येतात. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजारही आहेत. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, असे हा कायदा सांगतो, मग ते धोरण लिहिताना दौऱ्यांचा विचार का होऊ नये? मधुमेह त्या यादीत नसला, तरी त्या सहकाऱ्याची गरज तेवढीच खरी आहे.

म्हणून दौऱ्याच्या अर्जात आजाराचे नाव विचारू नका. ‘प्रवासात कोणती सोय लागेल?’ एवढाच प्रश्न सर्वांना विचारा: फ्रिज, कडेची जागा, व्हीलचेअर, ठरलेल्या वेळी जेवण, पहाटेऐवजी सकाळचे विमान, पोहोचल्यावर एक दिवस विश्रांती. प्रश्न सर्वांसाठी असला की उत्तर देणारा वेगळा पडत नाही. हे उत्तर तिकीट काढणाऱ्या विभागापुरतेच राहावे आणि व्यवस्थापकाच्या हाती फक्त ठरलेला कार्यक्रम जावा.

औषधांची चौकशी तिकिटाआधी करा. आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात ती ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) किंवा कोडीन (वेदना आणि खोकल्यावरचे) असलेली औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत आणि नेण्यापूर्वी परवानगी लागते. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधे चिठ्ठी असूनही चालत नाहीत. औषधे मूळ पाकिटात ठेवावीत आणि सोबत औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहिलेले डॉक्टरांचे पत्र असावे. प्रवास विमा घेताना, आधीपासूनच्या आजारांचा खर्च तो देतो की वगळतो, हे कलम कंपनीने स्वतः वाचावे आणि वगळत असेल तर जादा हप्ता भरून ते संरक्षण सर्व कर्मचाऱ्यांसाठी सरसकट घ्यावे, म्हणजे त्यासाठीही कोणाला आपला आजार उघड करावा लागणार नाही.