मेगावॅट राहू द्या, तास सांगा

‘१०० मेगावॅटची बॅटरी बसवली’ अशी बातमी आली की माझा पहिला प्रश्न असतो, किती तासांची? मेगावॅटवरून एवढंच कळतं की एका वेळी वीज किती जोरात मिळणार. ती किती वेळ पुरणार, हे मेगावॅट-तासांत बघायचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी २०१७ मध्ये जगभर गाजली. १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तास. पूर्ण ताकदीने चालवली तर सव्वा तासात जवळपास संपली!

ग्रिडची (वीजजाळ्याची) फ्रिक्वेन्सी मागणी-पुरवठ्याचा तोल गेला की हलते; ती सावरायला तेवढं पुष्कळ झालं. संध्याकाळची वाढलेली मागणीही चार तासांची लिथियम बॅटरी निभावून नेते. पण सलग तीन दिवस ढग आहेत आणि वाराही पडलाय, तेव्हा?

लिथियमचेच आणखी रॅक लावा की! लावता येतात. पण तास दुप्पट हवे तर सेलही दुप्पट, आणि बिलही जवळपास तसंच वाढतं.

फ्लो बॅटरीत ही गाठ सुटते. दोन टाक्यांत व्हॅनेडियमचं द्रावण असतं, पंप ते मधल्या स्टॅकमधून, म्हणजे वीज तयार करणाऱ्या सेलच्या थप्पीतून, फिरवतात. ताकद स्टॅकवर ठरते, तास टाक्यांवर. तास वाढवायचे? टाकी मोठी करा. पूर्ण चार्ज झाली की एक टाकी पिवळी, दुसरी जांभळी. उतरली की निळी आणि हिरवी. (मला हे बघायला फार आवडतं.) दोन्हीकडे व्हॅनेडियमच असल्याने दोन द्रावणं वेगळी ठेवणाऱ्या स्टॅकमधल्या पडद्यातून थोडं इकडचं तिकडे गेलं तरी द्रावण कायमचं बिघडत नाही. फक्त व्हॅनेडियम स्वस्त नाही.

लोखंड स्वस्त आहे. लोखंड-हवा बॅटरी वीज देताना गंजते, चार्ज करताना त्या गंजाचं परत लोखंड होतं. अमेरिकेतली फॉर्म एनर्जी अशी १०० तासांची बॅटरी बनवतेय. आता कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच, ‘अहो, पण निम्मी वीज वाया जाते!’ खरंय, साधारण निम्मीच परत मिळते; लिथियममध्ये ८५ टक्के सहज मिळते. पण भर दुपारी गिऱ्हाईक नाही म्हणून सोलर प्लांट बंद ठेवावे लागतात, त्याच विजेतली ही निम्मी. रोज वापरायच्या बॅटरीला हा तोटा परवडणार नाही, क्वचित लागणारीला चालेल.

मला खरी काळजी पैशांची वाटते. वर्षातून मोजक्या वेळा रिकामी होणारी बॅटरी नुसती वीज विकून कर्ज कसं फेडणार? म्हणून करारात विकलेल्या युनिटांबरोबरच तयार राहण्याचेही पैसे धरावे लागतात. ती तरतूद नसेल, तर बँक अशा प्रकल्पाला दारातही उभं करत नाही.