रक्तवाढीच्या गोळीचा माग

पडद्यावर दिसणारी ही लाल गोळी आकाराने वाटाण्याएवढीही नाही. वरचे साखरेचे पातळ आवरण विरघळले की आत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. गरोदरपणाचे पहिले तीन महिने सरले की रोज एक याप्रमाणे 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस ही गोळी घ्यायची असते. शासकीय नोंदवहीत तिला ‘आयएफए’ (आयर्न-फोलिक ॲसिड) म्हणतात, गावात मात्र तिचे नाव रक्तवाढीची गोळी असेच आहे. हा माहितीपट या गोळीतील फोलिक ॲसिडविषयी आहे. लोहाचा इतिहास मोठा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊकही असतो. फोलिक ॲसिडच्या शोधाची पहिली पावले मात्र मुंबईत, गिरणगावाच्या ऐन मध्यावर पडली, हे खुद्द परळमध्ये राहणाऱ्यांनाही सहसा सांगितले जात नाही.

रुंद जिने आणि उंच छत असलेली ही परळची इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. प्लेगच्या साथीने शहर हादरल्यानंतर 1899 मध्ये ती डॉ. वाल्देमार हाफकिन यांच्या प्लेग प्रयोगशाळेला देण्यात आली आणि 1925 पासून ही संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. लस, सर्पविष आणि साथीचे रोग यांसाठी ही संस्था प्रसिद्ध आहे. ज्या कामासाठी आपण येथे आलो आहोत त्याचा मात्र साथीच्या रोगाशी काहीही संबंध नव्हता, आणि हेच समजण्यात त्या वेळी बराच काळ गेला.

1928 मध्ये डॉ. लूसी विल्स लंडनहून मुंबईत आल्या. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते. केंब्रिजमध्ये त्यांनी आधी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र यांचे शिक्षण घेतले होते, वैद्यकाकडे त्या नंतर वळल्या, आणि दवाखाना थाटण्यापेक्षा प्रयोगशाळेतील रोगनिदानाचे काम त्यांनी पसंत केले. भारतातील स्त्रियांच्या आरोग्यसेवेत अनेक वर्षे घालवलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना येथे येण्यासाठी उद्युक्त केले होते. मुंबईत गरोदर स्त्रियांमध्ये एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय आढळत होता. त्यात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या फार घटलेली असे आणि उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. ‘गरोदरपणातील घातक रक्तक्षय’ असे त्याला नाव होते, पण कारण कोणालाच सांगता येत नव्हते. त्याच्या बळी ठरणाऱ्या स्त्रियांमध्ये कापडगिरण्यांशी पोट बांधलेल्या गरीब घरांतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या.

या बंद पडलेल्या गिरणीच्या चिमणीकडे पाहताना ते वर्षही ध्यानात घ्यावे लागते. 1928 च्या एप्रिलमध्ये मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करत. गरोदर कामगार स्त्रीला रजेच्या काळात भत्ता मिळावा यासाठीचे विधेयक त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात चर्चेला आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले, आणि 1929 मध्ये तो कायदा झाला. कायदेमंडळात जिच्याविषयी वाद चालला होता ती स्त्री आणि विल्स यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जिचे रक्त होते ती स्त्री एकाच वस्तीतील होती. या रुग्ण स्त्रियांची छायाचित्रे मात्र आम्हाला दाखवता येत नाहीत.

विल्स यांनी पहिला संशय जंतुसंसर्गावर घेतला, आणि तो काळ पाहता ते साहजिकच होते. त्यांनी रुग्णांच्या आतड्यांतील जंतू तपासले, निरोगी स्त्रियांच्या तपासण्यांशी त्यांची तुलना केली, आणि त्यातून काही हाती लागत नाही हे पाहून ती वाट सोडून दिली. त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो आमच्या मते या संपूर्ण कथेचा कणा आहे : या बाया जेवतात काय? मुंबईतील वेगवेगळ्या समाजांतील आणि वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतील स्त्रियांचे आहार त्यांनी नोंदवले. त्यात ज्यांच्या ताटात फळे, भाजीपाला आणि दूध सर्वांत कमी होते, त्या गरीब मुस्लिम कुटुंबांतील स्त्रियांमध्येच हा रक्तक्षय अधिक असल्याचे त्यांना दिसले.

मग हेच ताट प्रयोगशाळेत आले. मुंबईतील गरीब स्त्रीच्या जेवणाबरहुकूम तयार केलेला आहार पांढऱ्या उंदरांना देण्यात आला, गाभण माद्यांना रक्तक्षय झाला, आणि आहारात यीस्ट मिसळले की तो टळतो असे आढळले. येथे कथा सरळ संपली असती तर सांगायला सोपी गेली असती. परंतु पुढे लक्षात आले की त्या उंदरांवर उवा होत्या, उवांमधून बार्टोनेला नावाचा जंतू पसरत होता, आणि रक्तक्षयात त्या जंतूचाही वाटा होता. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर पुराव्यातच खोट निघाली. विल्स यांनी ती झाकली नाही. उवांचा बंदोबस्त करून त्यांनी काम पुढे नेले, माकडांवर प्रयोग केले, आणि मध्यंतरी 1929 मध्ये काही महिने कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही काम केले, जेथे रॉबर्ट मॅककॅरिसन आहारशास्त्राच्या संशोधनाचे प्रमुख होते.

ही काळपट, चिकट आणि चवीला खारट वस्तू म्हणजे मार्माइट. बिअर तयार करताना मागे उरणाऱ्या यीस्टपासून इंग्लंडमधील बर्टन या गावी 1902 पासून ती तयार होऊ लागली आणि पावाला लावून खाण्याचा एक स्वस्त पदार्थ म्हणून रुळली. विल्स यांनी ती आपल्या रुग्णांना दिली. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, आणि त्यामागोमाग हिमोग्लोबिन चढू लागले. जून 1931 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

सूक्ष्मदर्शकाखालील या चित्रात त्यामागची प्रक्रिया नीट दिसते. अस्थिमज्जेत तांबडी पेशी तयार होताना तिला अनेकदा विभागावे लागते, आणि प्रत्येक विभाजनाआधी डीएनएची नवी प्रत तयार करावी लागते. फोलेट, म्हणजे अन्नात आढळणारे फोलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप, कमी पडले की ही प्रत वेळेवर तयार होत नाही, पेशीचा बाकीचा भाग मात्र वाढत राहतो, आणि त्यामुळे अशा अवाढव्य, अपक्व पेशी मज्जेत साचतात. डावीकडे निरोगी रक्त आहे आणि उजवीकडे फोलेटच्या अभावाचे. उजवीकडच्या पेशी मोठ्या आहेत, पण विरळ आहेत. गरोदरपणात गर्भाच्या वाढीसाठी फोलेटची गरज वाढते, आणि आधीच काठावर असलेली स्त्री नेमकी तेव्हाच खाली घसरते.

विल्स यांच्या निरीक्षणात आणखी एक बारकावा होता. नेहमीच्या घातक रक्तक्षयावर यकृताचा अर्क गुणकारी असल्याचे 1926 पासून ठाऊक होते. तोच अर्क शुद्ध करून मुंबईच्या या रुग्णांना दिला तर उपयोग होत नसे, कच्चा अर्क किंवा यीस्ट दिले तर होत असे. अर्थात दोन आजारांमागे दोन निरनिराळे घटक होते. एकाला पुढे फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. दुसरा 1948 मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आला, त्याला आपण आज बी-12 म्हणतो. हा दुसरा घटक प्रेक्षकांनी लक्षात ठेवावा, कारण पुण्याकडे वळल्यावर तो पुन्हा भेटणार आहे.

‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेलेला पहिला घटक 1941 मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला. त्यासाठी चार टन पालक लागला. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून फोलिक हे नाव पडले. 1945 मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचे कृत्रिम संश्लेषण झाले, आणि त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्र प्रदेशातील भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. आपल्याकडे गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक ॲसिड देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 पासून सुरू आहे आणि 2018 पासून तो ‘ॲनिमियामुक्त भारत’ या नावाने चालतो. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे 1991 मध्ये सिद्ध झाले. तरीही 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले.

हे पुणे जिल्ह्यातील एक उपकेंद्र आहे आणि आज येथे गरोदर मातांची तपासणी आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन निरोप दिलेले आहेत. सिस्टर बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतात, आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहितात आणि गोळ्यांच्या पट्ट्या मोजून देतात. सोबतच्या सूचना त्यांच्या ओठांवरच आहेत : गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी, शौचाला काळी झाली तर घाबरू नये. यांतील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती मिळाली नाही तर पट्टी फडताळातच पडून राहते. बाकावर बसलेल्या सुनेला सासूबाई मेथी, शेपू आणि राजगिरा खाण्यास सांगत आहेत. त्यांचा सल्ला योग्य आहे, फक्त भाजी उकळून तिचे पाणी फेकून दिले तर फोलेटचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये जिल्ह्यातील सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गर्भारपणाच्याही आधीपासून या स्त्रियांच्या नोंदी घेतल्या गेल्या आणि पुढे त्यांच्या मुलांचाही वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. विल्स यांनी परळमध्ये विचारलेला आहाराचा प्रश्न येथे पुन्हा विचारला गेला, आणि उत्तर उलटे आले. फोलेटची कमतरता केवळ एका मातेत आढळली. दोन तृतीयांश मातांमध्ये मात्र बी-12 कमी होते. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. हे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

कारण शोधायला दूर जावे लागत नाही. पहाटेच्या या दृश्यात गोठ्यातले दूध किटलीत भरले जात आहे आणि किटली डेअरीकडे निघाली आहे. बी-12 वनस्पतींत नसते. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. ज्या घरात धर्माने, रूढीने किंवा पैशाच्या ओढाताणीने अंडी-मांस शिजत नाही आणि दूध चहापुरतेच मागे ठेवले जाते, त्या घरातील स्त्रीने कितीही पालेभाजी खाल्ली तरी ते मिळणार नाही. शरीरात फोलेट कामाला लागण्यासाठी बी-12 लागते, त्यामुळे एक विपुल आणि दुसरे अपुरे असले की गाडी अडते. शिवाय एकट्या फोलिक ॲसिडचे प्रमाण वाढवले तर रक्ताचे चित्र सुधारलेले दिसू शकते आणि बी-12 च्या अभावाने नसांची होणारी हानी आत चालूच राहते. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे आहेत.

या दोन घटकांचा प्रश्न आणखी काही रुग्णगटांतही आहे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या शरीरात बी-12 कमी होत जाते. उतारवयात जठरातील आम्ल कमी झाल्याने अन्नातील बी-12 नीट सुटत नाही. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांतील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्या सतत नव्याने तयार कराव्या लागत असल्याने त्यांना फोलिक ॲसिड दिले जाते. या तिन्ही गटांसाठी वेगळे चित्रण करणे आम्हाला शक्य झाले नाही.

सहा गावांतील त्या मातांची मुले वयात आल्यावर, 2012 मध्ये, त्यांच्यापैकी अनेकांना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला. ही मुले स्वतः आईबाप होण्यापूर्वीच त्यांच्या शरीरातील उणीव भरून काढावी, असा त्यामागचा विचार होता. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे पाच लाख भाग केले तर त्यातील एक. एवढे बी-12 लाल गोळीत घालण्यास जागेची अडचण निश्चितच नाही.

उपकेंद्रातील तपासणी आता संपत आली आहे. शेवटची माता पट्ट्या पिशवीत ठेवून उठली आहे. तिच्या कार्डावर वजन आहे, रक्तदाब आहे, हिमोग्लोबिन आहे, दिलेल्या गोळ्यांची संख्या आहे. घरी दूध किती उरते, हे मात्र तिला कोणी विचारलेले नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला घटकांची नावे बारीक अक्षरांत छापलेली आहेत, आणि ती दोनच आहेत.