छायाचित्रातले नाणे

मित्रहो, नाणी जमवणारे आम्ही काही जण एक खेळ खेळतो. एकाने आपल्या संग्रहातल्या नाण्याचे छायाचित्र मांडायचे आणि पुढच्याने त्याच्याशी एखादे तरी नाते सांगणारे आपले नाणे दाखवायचे. धातू, टांकसाळ, सन, लिपी, चित्र, यांपैकी काहीही जुळले तरी चालते. अट एकच, की ते नाते छायाचित्रात दिसले पाहिजे, तोंडी सांगून भागत नाही. शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर धातूच्या नात्याने कंपनी सरकारचा १८३५ सालचा पाव आणा येतो, त्यावर सनाच्या नात्याने चौथ्या विल्यमचा रुपया, आणि त्यावर राजाच्या मुखाच्या नात्याने पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया. या शेवटच्या रुपयात राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि ओरड झाल्यावर सरकारला तो नव्याने कोरून घ्यावा लागला. आमच्यातल्या एका गृहस्थांनी त्यावर, केवळ 'प्राणी' एवढ्या नात्याने, १९४७ च्या निकेलच्या रुपयावरचा वाघ सोडला, तेव्हा हत्ती की डुक्कर हा वाद तिथेच मिटला.

खेळ म्हणून हे गमतीचे आहेच. पण हाताने पाडलेल्या नाण्यांच्या बाबतीत त्यातून असे काही हाती लागते, जे एकट्याच्या संग्रहातून सहसा लागत नाही. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' अशी अक्षरे असतात, हे आपण सारे जाणतो. प्रत्यक्षात मात्र ती पूर्ण अक्षरे एकाच नाण्यावर क्वचितच सापडतात. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असे आणि हातोड्याचा घाव पडताना चकती जशी सरकेल तसा त्याचा तुकडा तिच्यावर उमटे. माझ्या नाण्यावर 'श्री' कापली गेली असेल, तर ती तुमच्या नाण्यावर शाबूत असू शकते. अनेकांची छायाचित्रे शेजारी ठेवली, की अक्षरांची वळणे, मधल्या रेघा आणि ठिपके जुळवत मूळ ठसा कसा होता याचा अंदाज बांधता येतो. या कामी चार झिजलेल्या शिवराई नाण्यांची मदत सोन्याच्या एका देखण्या होनापेक्षा अधिक होते, असे माझे मत आहे, आणि महागडी नाणी बाळगणाऱ्या मित्रांना ते अद्याप पटलेले नाही.

अर्थात छायाचित्र प्रामाणिक हवे. समोरून पाडलेल्या झगझगीत प्रकाशात चांदी नुसती पांढरी दिसते. प्रकाश एका बाजूने, बराच कमी उंचीवरून, तिरपा आला, तर उठाव आणि खोलगटपणा वेगळे होतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली शक राजा क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. अशा नाण्यावर वरच्या चिन्हाखालून नहपानाच्या चेहऱ्याची एखादी कड डोकावते आणि ती पाहायची तर प्रकाशाची दिशा बदलून दोन-तीन छायाचित्रे घेण्याला पर्याय नाही.

दोन्ही बाजू दाखवाव्यात, शेजारी मोजपट्टी ठेवावी, वजन सांगावे. कडेचे छायाचित्र लोक टाळतात, आणि ओतीव बनावट नाण्याचा सांधा बहुधा तिथेच दिसतो. खेळात उठून दिसावे म्हणून नाणे चिंचेने घासून लखलखीत करणे मात्र कोणीही करू नये. त्याने तांब्यावरचा जुना थर जातो आणि बारीक रेघाही पुसल्या जातात.

किमतीची चर्चा आम्ही खेळात आणत नाही. नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेल्या नाण्यांची छायाचित्रेही घेत नाही, कारण १८७८ च्या निखात निधीच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाच्या, कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे धन सापडले, तर ते आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.