रोचेस्टरचा गोल बुरूज

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या आग्नेयेला, केंटमध्ये, मेडवे नदीच्या काठी रोचेस्टरचा किल्ला उभा आहे. लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणारी जुनी वाट इथेच नदी ओलांडत असल्यामुळे, हा किल्ला ज्याच्या ताब्यात, त्याची त्या वाटेवर हुकमत असे. अकराव्या शतकाच्या अखेरीस बिशप गंडल्फ याने इथे दगडी तट घातला आणि त्यासाठी काही ठिकाणी रोमनांच्या नगरकोटाचा आधार घेतला. आतला बालेकिल्ला म्हणजे सुमारे ३४ मीटर उंचीची एकसंध चौकोनी इमारत. कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम द कॉर्बेल याने ती ११२७ नंतर बांधवली.

या इमारतीचे तीन कोपरे चौकोनी आहेत आणि आग्नेयेचा तेवढा गोल आहे. साऱ्या किल्ल्यात मला हीच जागा सर्वांत बोलकी वाटते. १२१५ साली बंडखोर सरदारांनी किल्ला बळकावला, तेव्हा जॉन राजाने स्वतः येऊन वेढा घातला. दगड फेकणाऱ्या यंत्रांना बालेकिल्ला दाद देईना, म्हणून त्याने या कोपऱ्याखाली भुयार खणवून वरचा भार लाकडी धिऱ्यांवर तोलून धरला. बंदुकीची दारू त्या काळी इंग्लंडात नव्हती. म्हणून राजाने २५ नोव्हेंबरला फर्मान धाडले, की खाण्यास फारशी योग्य नसलेली ४० लठ्ठ डुकरे रात्रंदिवस प्रवास करून पोचवावीत. त्यांच्या चरबीने धिरे पेटले आणि कोपरा ढासळला.

तरीही आतले लोक हटले नाहीत. इमारतीच्या मधोमध एक जाड आडवी भिंत आहे. तिच्यामागे जाऊन ते लढत राहिले. विहिरीचा उभा मार्ग याच भिंतीतून वर नेलेला असल्याने प्रत्येक मजल्यावर पाणी मिळे. अन्न मात्र संपले होते आणि घोड्यांच्या मांसावर दिवस काढावे लागत होते. अखेर ३० नोव्हेंबरला ते शरण आले.

पुढे जॉनचा मुलगा तिसरा हेन्री याने पडलेला कोपरा गोल बांधून घेतला, कारण चौकोनी कोपऱ्याचे दगड पहारीने उचकटणे सोपे असते आणि गोलाईवर आदळलेला धोंडा सहसा घसरून जातो. छप्पर आणि मजले आज उरलेले नाहीत, त्यामुळे तुळयांच्या खोबणी आणि त्या मधल्या भिंतीच्या कमानी खालून सरळ दिसतात. तिकडे जाणाऱ्यांनी आधी बाहेरून तो गोल बुरूज नीट पाहावा आणि मगच आत शिरावे.