मागच्या सीटवरची सिगारेट

श्रोतेहो, नमस्कार.

होनोलुलूतला रस्ता. गाडीच्या मागच्या सीटवर बेड्या घातलेला तरुण, रडून डोळे सुजलेले. त्याला पकडणारा माणूस मागे वळतो, सिगारेट पेटवून त्याच्या ओठांत ठेवतो आणि मुलाबाळांची चौकशी करू लागतो.

'डॉग द बाउंटी हंटर' ही मालिका अमेरिकेत २००४ ते २०१२ चालली. ड्वेन चॅपमन, त्याची बायको बेथ, मुलं, सगळं घरच फरारी आरोपी धरून आणायच्या धंद्यात. निघण्याआधी हातात हात घालून प्रार्थना, मग दार ठोठावणं, आरडाओरडा, धावपळ. ते पाहायला लोक बसायचे, पण माझ्या मते त्यांना धरून ठेवलं ते त्या मागच्या सीटने. चॅपमन स्वतः टेक्सासच्या तुरुंगात राहून आला होता, १९७० च्या दशकात, खुनाच्या गुन्ह्यात. म्हणूनच त्याला बंदूक बाळगता येत नसे, मिरपुडीचा फवारा घेऊन फिरायचा. हाच माणूस बेड्यांतल्या पोराला नशा सोड म्हणून सांगतो, तेव्हा ते ऐकावंसं वाटतं. पकडला गेलेल्याशी कुणीतरी माणसासारखं बोलतंय, हे टीव्हीवर फार थोड्या वेळा दिसतं. मला ते आजही हलवून जातं.

पण गाडीबाहेरही पाहायला हवं. समजा, न्यायाधीशाने जामीन ठरवला दहा हजार डॉलर. घरात तेवढे पैसे नाहीत. मग बाँडवाला, म्हणजे पैसे घेऊन जामीन राहायचा धंदा करणारा, साधारण हजार डॉलर घेतो आणि कोर्टाला हमी देतो. ते हजार परत मिळत नाहीत, आरोपी निर्दोष सुटला तरीही. तो तारखेला आला नाही, तर बाँडवाला त्याच्या मागे चॅपमनसारखा माणूस सोडतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ च्या एका निकालात लिहून ठेवलंय की हमी देणारा आरोपीला दुसऱ्या राज्यात जाऊन धरू शकतो, गरज पडली तर त्याच्या घरात घुसूही शकतो. सगळ्या राज्यांना हा धंदा मान्य नाही. केंटकीने १९७६ मध्येच तो बंद केला.

आपल्याकडे जामीन राहतो तो मामा, चुलता, नाहीतर गावातला ओळखीचा. सातबारा घेऊन बिचारा कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर ताटकळतो. आरोपी पळाला तर शोधायचं काम पोलिसांचं, जामीनदाराला मात्र लिहून दिलेली रक्कम भरावी लागू शकते.

तिथे बाँडच्या कागदावर सही असते बहुतेकदा आईची, नाहीतर बायकोची. मुलगा सापडला नाही तर वसुली तिच्याकडून, कधी घर तारण पडलेलं असतं. म्हणून पुढच्या वेळी असा भाग पाहाल, तेव्हा दाराआडून हळूच पत्ता सांगणारी बाई दिसली, तर तिच्याकडेही बघा. तिनेच त्याला सोडवून आणलेलं असतं.

नमस्कार.